ॲडम फेथ: चौथ्या भागाच्या प्रकल्प नोंदी

12 जून 2024

आमच्या श्राव्य मालिकेच्या चौथ्या भागाचं नाव अखेर ठरलं: ब्रिटिश गायक-नट ॲडम फेथ. गटात बहुतेकांचा कल ब्रिटिश पॉप गायक क्लिफ रिचर्डकडे होता आणि त्याचं कारण उघड आहे. क्लिफ 1940 साली लखनौला जन्मला; आपल्या श्रोत्यांना बोट धरायला तेवढा धागा पुरतो. पण क्लिफ पडद्यावरही क्लिफच राहिला. त्याचे साठच्या दशकातले चित्रपट पाहिले तर गाणारा, हसरा, सज्जन मुलगा सोडून तो दुसरा कोणी होतच नाही. मालिकेचा विषय ‘गाण्यातून पडद्यावर’ असा आहे, आणि त्यात मधला प्रवास दिसायला हवा.

फेथही 1940 चाच, 23 जूनचा. पॉप गायक, मग रंगभूमीवरचा आणि दूरचित्रवाणीवरचा नट, मग दुसऱ्या गायकाचा व्यवस्थापक, मग वर्तमानपत्रात गुंतवणुकीवर लिहिणारा, मग एका वाहिनीचा चालक, आणि शेवटी दिवाळखोर. आपल्याकडे हे नाव फार कोणाला ठाऊक नाही. ते सोयीचंच, कारण श्रोत्याच्या डोक्यातलं जुनं चित्र पुसावं लागणार नाही.

भागाची लांबी 40 मिनिटं. निवेदन मराठी, मूळ आवाजांचे तुकडे शक्य तितके कमी.

14 जून

सुरुवातीचा मजकूर. खरं नाव टेरेन्स नेल्हम्स-राइट, घरी-दारी टेरी नेल्हम्स. पश्चिम लंडनमधल्या ॲक्टनचं कामगार कुटुंब. शाळा सुटल्यावर निरोप्याची कामं, आणि मग चित्रपटांच्या संकलन विभागात मदतनीस. बहुतेक चरित्रकार हे एका ओळीत उरकतात. मला इथे थांबायचं आहे. संकलनाच्या टेबलावर काम करणारा पोरगा दिवसभर काय बघतो? नटाने केलेलं सगळं आणि त्यातलं कापून टाकलेलं सगळं. फेथच्या पुढच्या अभिनयात जी काटकसर आहे तिचं मूळ इथे असावं, असा माझा अंदाज. संहितेत ‘अंदाज’ हा शब्द ठेवायचाच.

मग स्किफल. 1956-57 च्या सुमारास इंग्लंडभर पसरलेली ही लाट समजावून सांगणं सोपं आहे: एक स्वस्त गिटार, कपडे धुण्याच्या खरखरीत फळीवर अंगुस्ताने घासून ताल, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेला खर्जाचा आवाज. शिक्षण नको, भांडवल नको. टेरीच्या गटाचं नाव ‘वरीड मेन’. हा गट लंडनच्या सोहो भागातल्या ‘टू आइज’ कॉफी बारच्या तळघरात वाजवायचा. तिथेच बीबीसीच्या ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’चे निर्माते जॅक गुड यांच्या नजरेला तो पडला. नवं नाव बाळांच्या नावांच्या पुस्तकातून आलं: मुलांच्या यादीतून ॲडम, मुलींच्या यादीतून फेथ.

1958 च्या पहिल्या तबकड्या पडल्या. मुलगा मुकाट्याने संकलनाच्या टेबलावर परत गेला. पॉपच्या दंतकथांमध्ये असं सहसा घडत नाही, म्हणून हे वाक्य निवेदनात सावकाश यायला हवं.

18 जून

आजचा सगळा दिवस एका गाण्यावर गेला आणि ते योग्यच होतं.

1959 मध्ये बीबीसीने ‘ड्रमबीट’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात यॉर्कहून आलेला जॉन बॅरी आपला वाद्यसंच घेऊन वाजवत असे. पुढे जेम्स बाँडच्या चित्रपटांचं संगीत करणारा आणि पाच ऑस्कर मिळवणारा हाच तो बॅरी. तेव्हा तो पंचविशीतला ट्रम्पेटवादक होता. फेथला संकलनाच्या टेबलावरून उठवून त्यानेच कार्यक्रमात आणलं. त्याच कार्यक्रमात ‘रेनड्रॉप्स’ नावाच्या गटात गाणारा जॉनी वर्थ लेस व्हॅनडाइक या टोपणनावाने गाणी लिहीत होता. बॅरी, वर्थ आणि फेथ या तिघांचं ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ 1959 च्या अखेरीस आलं.

गाणं पावणेदोन मिनिटांचंसुद्धा नाही. फेथचा आवाज लहान आहे. पल्ला नाही, दम नाही, वरचा सूर लावायचा म्हटलं तर धोकाच. बॅरीने तो मोठा करण्याचा प्रयत्नच केला नाही. व्हायोलिनवाल्यांना त्याने गज बाजूला ठेवायला लावले आणि बोटांनी तारा छेडायला सांगितल्या. पत्र्यावर पावसाचे सुटे थेंब पडावेत तसे ते सूर येतात आणि मधल्या मोकळ्या जागेत तो लहान आवाज आरामात बसतो. ही युक्ती बॅरीची स्वतःची नव्हती. फेब्रुवारी 1959 मध्ये विमान अपघातात गेलेल्या अमेरिकन गायक बडी हॉलीच्या शेवटच्या काळातल्या ‘इट डझन्ट मॅटर एनीमोअर’मध्ये ती आधीच होती. शब्द उचकी दिल्यासारखा मध्येच तोडण्याची लकबही हॉलीकडचीच. पण फेथने ‘बेबी’ हा शब्द ज्या चेपलेल्या उच्चाराने म्हटला तो मात्र खास त्याचा, आणि त्याची नक्कल इंग्लंडभर झाली.

निवेदिकेचा प्रश्न होता: ‘मग हा गायक म्हणून चांगला होता की नाही, ते सरळ सांग ना.’ सरळ सांगायचं तर तो सामान्य गायक आणि उत्तम ध्वनिमुद्रण-कलाकार. मायक्रोफोनला किती द्यायचं आणि किती नाही हे त्याला कळत होतं. आपल्याकडे गायक-नट म्हटलं की बालगंधर्वांपासूनची परंपरा डोळ्यांसमोर येते. तिथे गळा आधी तयार, मग पदाला दाद, मग वन्समोअर. तो मापदंड फेथला लावला तर पहिल्याच मिनिटाला तो नापास होईल. श्रोत्यांच्या मनात ही तुलना आपोआप येणार, म्हणून ती आपणच काढायची आणि बाजूला ठेवायची.

20 जून

हक्कांचा विषय एकदाचा संपवला. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांचा. म्हणजे 1959 च्या तबकडीचा तो हक्क 2019 अखेर संपला. पण रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा हक्क वेगळा. तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो, म्हणजे हा हक्क अजून जिवंत आहे. तबकडी मोकळी आणि गाणं बांधलेलं, असा हा प्रकार. निर्णय: पूर्ण गाणं वाजवायचं नाही. छेडलेल्या तारांचा आरंभीचा अगदी लहान तुकडा समीक्षेसाठी घ्यायचा आणि लगेच त्यावर बोलायचं. बाकीचं शब्दांत.

24 जून

आकडे तपासले. ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ डिसेंबर 1959 मध्ये ब्रिटनच्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर तीन आठवडे होतं. तिसऱ्या आठवड्यात गंमत झाली: एमिल फोर्डचं एक गाणं त्याच्या बरोबरीने पहिलं आलं, आणि त्या गाण्याच्या नावाची सुरुवातही ‘व्हॉट डू यू वॉन्ट’ अशीच! दुकानात मागताना लोकांचा किती घोळ झाला असेल.

पार्लोफोन या कंपनीच्या शिक्क्याला मिळालेला हा पहिलाच पहिला क्रमांक. तेव्हा पार्लोफोन निर्माता जॉर्ज मार्टिनकडे होतं आणि विनोदी तबकड्यांसाठी ओळखलं जाई. फेथची ध्वनिमुद्रणं मात्र जॉन बर्जेसने केली. पुढचं ‘पुअर मी’ 1960 मध्ये पुन्हा पहिलं. त्यानंतरची पाचही गाणी पहिल्या पाचांत. यादीत आलेली आपली पहिली सलग सात गाणी पहिल्या पाचांत नेणारा तो पहिला ब्रिटिश गायक. यापेक्षा जास्त आकडे निवेदनात नकोत. कानाला ते झेपत नाहीत.

27 जून

पहिले चित्रपट. ‘बीट गर्ल’ (1960) मध्ये तो सोहोच्या कॉफी बारमधला गिटारवाला पोरगा आहे, म्हणजे जवळजवळ स्वतःच. ऑलिव्हर रीड आणि ख्रिस्तोफर लीही त्यात आहेत. चित्रपट आज हास्यास्पद वाटतो. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: बॅरीचं हे पहिलं चित्रपट-संगीत. फेथला चित्रपटात घेतलं आणि त्याच्यामागून त्याचा संगीतकारही आत आला. बाँडच्या संगीताकडे जाणारा रस्ता या पोराच्या दारावरून जातो, हे इंग्लंडमध्येही फार कोणी म्हणत नाही.

‘नेव्हर लेट गो’ (1960) वेगळा आहे. विनोदी नट पीटर सेलर्स इथे विनोद पूर्ण सोडून मोटारचोरांच्या टोळीचा क्रूर म्होरक्या झाला आहे आणि फेथ त्याच्यासाठी गाड्या पळवणारा पोरगा. सेलर्स प्रत्येक दृश्यात गरजतो. फेथ काहीच करत नाही. उभा राहतो, बघतो, घाबरतो. आणि नजर फेथवर जाते. विशीतल्या मुलाने हे समजून केलं की दुसरं काही येत नव्हतं म्हणून, ते सांगता येणार नाही. पण तबकडीवरचा संयम आणि हा संयम एकच आहे.

1 जुलै

भागाचा कणा सापडला असं वाटतं. 11 डिसेंबर 1960, बीबीसी दूरचित्रवाणी, मुलाखतींचा कार्यक्रम ‘फेस टू फेस’.

मुलाखतकार जॉन फ्रीमन कॅमेऱ्याकडे पाठ करून बसत. प्रेक्षकाला त्यांचा फक्त आवाज आणि खांदा. पाहुण्यावर मात्र कडक प्रकाश, आणि कॅमेरा इतका जवळ की कपाळावरचा घाम दिसावा. या खुर्चीत तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल बसले, कादंबरीकार एव्हलिन वॉ बसले. आणि मग 20 वर्षांचा पॉप गायक. या खुर्चीत पॉप गायक प्रथमच बसत होता. फ्रीमन त्याला सोलून काढतील अशी अनेकांची अपेक्षा असणार.

तसं झालं नाही. फेथ शांत बसला, विचार करून बोलला, वाचनाबद्दल आणि सिबेलियसच्या संगीताबद्दल बोलला, आणि जे ठाऊक नव्हतं त्याचा आव आणला नाही. रॉक-अँड-रोलवाली पोरं म्हणजे अडाणी, हा मध्यमवर्गीय इंग्लंडचा समज त्या रात्री बराच ढिला झाला. माझ्या मते ही त्याची पहिली मोठी भूमिका. खोटेपणा होता असं नव्हे. पण आपल्याला कोणत्या चौकटीत बघितलं जातंय याचं पूर्ण भान ठेवून बोलणं हे नटाचंच काम.

फ्रीमन यांचं पुढचं आयुष्य आपल्या श्रोत्यांना सांगितलंच पाहिजे. 1965 ते 1968 या काळात ते भारतात ब्रिटनचे उच्चायुक्त होते. शास्त्रीजींचा आणि इंदिराबाईंचा काळ त्यांनी दिल्लीत बसून पाहिला. मग वॉशिंग्टनला राजदूत. आणि 1971 मध्ये लंडन वीकेंड टेलिव्हिजनचे अध्यक्ष. फेथला नट म्हणून उभं करणारी मालिका त्याच वर्षी त्याच कंपनीच्या पडद्यावर आली. यात कुणाचा हात होता असं सुचवायचं नाही. योगायोग म्हणून सांगायचा, आणि पुढे जायचं.

4 जुलै

1962 ते 1967. इथे भरभर जायचं. बीटल्स आले, तेही पार्लोफोनवरूनच, आणि छेडलेल्या व्हायोलिनचा जमाना संपला. फेथने ‘रुलेट्स’ हा गिटारवाल्यांचा संच सोबत घेतला, ख्रिस अँड्र्यूजची गाणी गायली आणि थोडा काळ तग धरला. सँडी शॉ या डॅगनमच्या मुलीचं गाणं ऐकून तिला आपल्या व्यवस्थापक ईव्ह टेलर यांच्याकडे नेणाराही तोच. 1964 मध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेली.

एक प्रसंग मात्र घाईत घालवायचा नाही. जानेवारी 1965 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या सभागृहांत गायला नकार देऊन त्याने दौरा मध्येच सोडला. काहीच आठवड्यांपूर्वी, डिसेंबर 1964 मध्ये, ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डला त्याच कारणावरून त्या सरकारने देशाबाहेर काढलं होतं. म्हणजे काय होऊ शकतं हे त्याला पुरतं माहीत होतं. कारकीर्द उताराला लागलेली असताना दौऱ्याचे पैसे सोडणं सोपं नसतं.

8 जुलै

रंगभूमी. साठच्या दशकाच्या शेवटी त्याने गाणं जवळजवळ बंद केलं आणि गावोगावच्या नाटक कंपन्यांमध्ये काम धरलं. पहिल्या क्रमांकाचा गायक लहान शहरांत लहान पगारावर नाटकं करतोय. 1968 मध्ये ‘नाइट मस्ट फॉल’ या नाटकाचा दौरा मिळाला. त्यात तो गोड बोलणारा खुनी, आणि चाकाच्या खुर्चीतल्या म्हातारीच्या भूमिकेत डेम सिबिल थॉर्नडाइक. बाई 1882 च्या. बर्नार्ड शॉने आपली जोन ऑफ आर्क ज्यांच्यासाठी लिहिली त्या. अशा बाईंसमोर रोज रात्री उभं राहणं म्हणजे गुरुकुलच.

मग ‘बजी’ ही दूरचित्रवाणी मालिका (1971-72). लेखक कीथ वॉटरहाउस आणि विलिस हॉल, एकूण 26 भाग. रॉनल्ड ‘बजी’ बर्ड नुकताच तुरुंगातून सुटलेला भुरटा चोर. प्रत्येक भागात त्याला झटपट श्रीमंत होण्याची एक नवी शक्कल सुचते आणि भाग संपेपर्यंत ती त्याच्याच अंगावर येते. समोर इयन कथबर्टसनचा चार्ली एन्डेल, सोहोतला स्कॉटिश दादा, मोठा कोट आणि भारी शब्द. एन्डेल बोलतो तेव्हा बजीच्या चेहऱ्यावर आधी आशा येते, मग हिशोब, मग भीती. एकही शब्द न बोलता हे तीन भाव अर्ध्या मिनिटात. सुरुवातीचे काही भाग कृष्णधवल आहेत. त्या काळात आयटीव्ही या खाजगी वाहिनीच्या तंत्रज्ञांनी पगाराच्या वादात रंगीत चित्रीकरणावर बहिष्कार घातला होता, त्याची ती खूण. मला तेच भाग जास्त आवडतात. तसलं सोहो करडंच शोभतं.

निवेदिकेने आज दोन परिच्छेद वाचून दाखवले. बजीच्या परिच्छेदात तिचा आवाज आपोआप हलका झाला. मजकूर बरा उतरला आहे.

11 जुलै

पहिलं ध्वनिमुद्रण. शेजारच्या इमारतीत फरशी कापण्याचं काम चालू, त्यामुळे दुपार वाया. नावांचे उच्चार तेवढे पक्के करून घेतले: ‘थॉर्नडाइक’, ‘वॉनमेकर’, ‘सेयर’. संध्याकाळी फक्त ॲक्टनचा भाग झाला.

15 जुलै

1973-74 हा काळ इतका दाट आहे की संहितेत त्याला आठ मिनिटं दिली. कोणी कापायला सांगितलं तर इथलं कापू नये.

1973 मध्ये मोटारीचा भीषण अपघात, पायाला गंभीर इजा. त्याच वर्षी तो ब्रायटनकडच्या लिओ सेयर या नव्या गायकाचा व्यवस्थापक होता. सेयर आणि संगीतकार डेव्हिड कोर्टनी यांची गाणी घेऊन ‘द हू’ या रॉक गटाच्या रॉजर डॉल्ट्रीची पहिली स्वतंत्र तबकडी फेथ आणि कोर्टनी यांनी निर्माण केली, तीतलं ‘गिव्हिंग इट ऑल अवे’ पाचव्या क्रमांकावर गेलं. मग सेयर स्वतः विदूषकाच्या पांढऱ्या पोशाखात रंगमंचावर आला आणि 1974 च्या सुरुवातीला दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला.

आणि नेमकं तेव्हा ‘स्टारडस्ट’ हा चित्रपट (1974). दिग्दर्शक मायकेल ॲप्टेड. डेव्हिड एसेक्स हा जिम मॅक्लेन नावाचा रॉक गायक, आणि फेथ त्याचा दौरा-सोबती व व्यवस्थापक माइक. याच कथेच्या आधीच्या चित्रपटात माइकची भूमिका रिंगो स्टारने केली होती. या वेळी ती फेथकडे आली. म्हणजे दिवसा एका खऱ्या गायकाचा व्यवस्थापक, आणि कॅमेऱ्यासमोर खोट्या गायकाचा. माइक गायकाला जपतो, पोसतो, पोखरतो. त्याचं प्रेम खरं आहे आणि त्याची टक्केवारीही खरी आहे. फेथने यात एका बाजूला झुकून काही केलेलं नाही, म्हणून माणूस अंगावर येतो. साहाय्यक भूमिकेसाठी बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं, नामांकन मिळालं. माझ्या हिशोबाने त्याचं सर्वोत्तम काम हेच.

त्याच वर्षी त्याने ‘आय सर्व्हाइव्ह’ ही तबकडी काढली, तीत पॉल आणि लिंडा मॅकार्टनी यांनी साथ दिली. तबकडी चालली नाही. एक वाक्य पुरे.

19 जुलै

पैसा. हा भाग लिहिताना सूर सुटत होता, म्हणून तीनदा थांबून वाचला.

1980 मध्ये डॉल्ट्रीबरोबर ‘मॅकव्हिकर’ हा चित्रपट केल्यावर फेथचा ओढा गुंतवणुकीकडे गेला. लोकांना सल्ले देणं, वर्तमानपत्रात पैशांवर स्तंभ, आणि पिकाडिलीतल्या फोर्टनम अँड मेसनच्या उपाहारगृहात बसून गाठीभेटी. 1986 मध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया. 1988 मध्ये ‘बजी’चं संगीत नाटक वेस्ट एंडला आलं आणि लवकर उतरलं.

मग 1992 ते 1994 बीबीसीवर ‘लव्ह हर्ट्स’ ही मालिका. फेथ हा नळकाम करता करता लक्षाधीश झालेला फ्रँक कार्व्हर, समोर झोई वॉनमेकर. दोन मध्यमवयीन माणसांची प्रेमकथा. फ्रँकच्या तोंडी पैशाची भाषा आहे आणि ती फेथच्या तोंडून खोटी वाटत नाही, कारण सेटबाहेर तो तीच बोलत होता.

2000 मध्ये त्याने ‘मनी चॅनेल’ ही दिवसभर शेअर बाजार आणि गुंतवणूक दाखवणारी वाहिनी भागीदारीत काढली. वेळ वाईट निवडली: इंटरनेट कंपन्यांचा फुगा त्याच वर्षी फुटला. ज्या छोट्या गुंतवणूकदारांसाठी वाहिनी होती तेच बाजारातून पळाले, आणि त्यांच्यामागून जाहिराती. 2001 मध्ये वाहिनी बंद, 2002 मध्ये तो दिवाळखोर. वर्तमानपत्रांत आकडा आला 3 कोटी 20 लाख पौंडांचा.

मी लिहिलं होतं: ‘आयुष्यभर कमी करून जिंकलेला माणूस एकदाच जास्त करायला गेला.’ निवेदिका म्हणाली, ‘टाळ्या घेणारं वाक्य आहे रे, काढ.’ काढलं. ते खरंही नव्हतं. दोन्ही आत्मचरित्रांची नावं पाहिली तरी, 1961 चं ‘पुअर मी’ आणि 1996 चं ‘ॲक्ट्स ऑफ फेथ’, जुगाराची आवड आणि स्वतःवर हसण्याची सवय सुरुवातीपासून दिसते.

23 जुलै

मृत्यूचा परिच्छेद लहानच ठेवला. दिवाळखोरीनंतर तो पुन्हा नाटकाच्या दौऱ्यावर गेला. 7 मार्च 2003 च्या रात्री स्टोक-ऑन-ट्रेंट इथे ‘लव्ह अँड मॅरेज’चा प्रयोग केला, आणि मध्यरात्र उलटल्यावर, 8 मार्चला, हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय 62. पार्श्वसंगीत नको, व्हायोलिनचा तुकडा पुन्हा वाजवायचा मोह तर अजिबात नको.

भाग 43 मिनिटांचा झाला आहे. तीन मिनिटं जायला हवीत. ‘बीट गर्ल’चं कथानक काढतो, बॅरीबद्दलचं वाक्य ठेवतो. 1962 ते 1967 मधून रुलेट्सची माहिती जाईल, दक्षिण आफ्रिका राहील. फ्रीमन यांचा वॉशिंग्टनचा उल्लेख काढला तरी चालेल, दिल्लीचा नाही.

पाचवा भाग डेव्हिड एसेक्सवर. ‘स्टारडस्ट’वरची टिपणं तिथे दुसऱ्या बाजूने, गायकाच्या बाजूने, पुन्हा लागतील, ती फाइल संग्रहात टाकू नये. एसेक्सने 1971 मध्ये ‘गॉडस्पेल’ हे संगीत नाटक केलं तिथून वाचायला सुरुवात करायची.